फाइल उघडत नाही त्या रात्री

आधी हे सांग, जेवलीस का? साडेदहाला तुझा फोन आला तेव्हा आवाजावरूनच कळलं, दुपारपासून पोटात काही गेलेलं नाही. तू रडत होतीस, मी समजूत काढत होते, त्यात कामाचं बोलणं राहूनच गेलं. म्हणून आता सविस्तर लिहितेय. चार घास खा आणि मग वाच.

तुझं काय झालं ते मी डोळ्यांसमोर आणू शकते. लग्नपत्रिकेची पार्टी उद्या सकाळी प्रूफ बघायला येणार, ऑफसेटवाल्याला प्लेट काढायला फाइल हवी, आणि संगणकानं तुला न विचारता अपडेट घेऊन टाकलं. पुन्हा चालू केलास तर फॉन्टचं डोंगल ओळखेना, डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडता उघडता बंद पडतंय, आणि एकदाचं उघडलं तर कुलस्वामिनीच्या नावाच्या ओळीत नुसती इंग्रजी अक्षरं. या सगळ्यात तू शेवटी जे म्हणालीस त्यानं मला झोप येईना. ‘ताई, मलाच येत नाही बहुतेक.’

बाई गं, असं परत म्हणू नकोस. 19 जुलै 2024 ला एका सुरक्षा सॉफ्टवेअरच्या सदोष अपडेटनं जगभरातले सुमारे 85 लाख संगणक एका दिवसात आडवे केले. विमानतळ थांबले, आपल्या देशात काही प्रवाशांना हातानं लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. तिथं मोठमोठे इंजिनिअर बसलेले होते. तू दुकानात एकटी आहेस, समोर गिऱ्हाईक आहे आणि हातातलं अवजारच कुणीतरी काढून नेलंय. राग येणारच. रागाव, पण तो राग स्वतःवर काढू नकोस.

आता हे का होतं ते नीट समजून घे, म्हणजे निम्मी भीती जाईल. आपल्या जुन्या फॉन्टांत संगणकाच्या लेखी मराठी नसतंच. कृतिदेवमध्ये तू ‘राम’ टाइप करतेस तेव्हा फाइलमध्ये जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरंच साठवली जातात. फॉन्ट त्यांच्यावर र, काना आणि म यांची चित्रं चढवतो, इतकंच. फॉन्ट हरवला की चित्रं गेली, खालची अक्षरं उघडी पडली. बाकीच्या जुन्या फॉन्टांची तऱ्हाही अशीच, फक्त प्रत्येकाची अक्षरं वेगळी. युनिकोडमध्ये मात्र र हा र म्हणूनच साठवला जातो. मग फॉन्ट कुठलाही लाव, मजकूर मराठीच राहतो.

आणि अवजारं बदलत राहणार, हेही धरून चाल. ज्या पेजमेकरवर आमची पिढी शिकली त्याची शेवटची मोठी आवृत्ती 2001 ची. जुन्या टाइप-1 फॉन्टांचा आधार फोटोशॉपनं 2021 मध्ये काढला, आणि जानेवारी 2023 पासून अ‍ॅडोबीच्या बाकी सॉफ्टवेअरनीही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. यातलं काहीच आपल्याला विचारून झालं नाही, आणि पुढचंही होणार नाही.

माझ्यावर हे कधी आलं, सांगते. 2023 मध्ये आधी शहराचं आणि मग जिल्ह्याचं नाव बदललं, आणि ‘उस्मानाबाद काढून धाराशिव टाका’ म्हणत माणसं दुकानात यायला लागली. लेटरहेड, शिक्के, व्हिजिटिंग कार्ड, पावतीपुस्तकं. एका शब्दाचं काम, पाच मिनिटांत होईल असं त्यांना वाटायचं. मलाही वाटलं. एका पतसंस्थेच्या पावतीपुस्तकाची माझी फाइल चौदा वर्षांपूर्वीची, जुन्या फॉन्टातली. नुकतंच अपडेट झालेल्या मशीनवर ती उघडली आणि पान विस्कटलं. मजकूर कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणला, धाराशिव घातलं, बाकी वरवर पाहिलं आणि छपाईला दिलं. सुटे कागद बांधणीला गेले तेव्हा बांधणीवाल्या चाचांनी एका शब्दावर बोट ठेवलं. ‘कर्ज’ या शब्दाचं ‘कजर्’ झालं होतं, प्रत्येक पावतीवर. जुन्या फॉन्टात रफार अक्षरानंतर टाइप करतात, युनिकोडमध्ये तो र आधी येतो. कन्व्हर्टरनं ती उलटापालट केलीच नव्हती. सगळा कागद माझ्या खर्चानं पुन्हा छापला. त्या दिवसापासून मी एक गोष्ट सोडलेली नाही, ती पुढं सांगते.

आधी आज रात्रीचं बघू. त्या फाइलवर आता सारखं क्लिक करत बसू नकोस. तिची एक प्रत पेनड्राईव्हवर घे आणि बाजूला ठेव. मशीनच्या सेटिंगमध्ये अपडेटचा इतिहास असतो, तिथून शेवटचं अपडेट काढून टाकता येतं का बघ. विंडोजची आख्खी आवृत्तीच बदलली असेल तर साधारण पहिले दहा दिवस मागं जाण्याची सोय असते. अर्ध्या तासात जमलं तर ठीक. नाही जमलं तर त्याचा नाद सोड.

तुझ्याकडं परवाचं छापील प्रूफ आहे ना? ते समोर ठेव आणि मॅटर युनिकोडमध्ये नव्यानं टाइप कर. एका पत्रिकेचं मॅटर आहे, तुझ्या हाताला तासाभराचं काम. फॉन्टची काळजी करू नकोस. एक टाइप या मुंबईच्या मंडळींनी केलेले मुक्ता आणि बालू फुकट मिळतात. टिरो देवनागरी मराठी तर मराठी वळणाचे ल आणि श घेऊनच येतो, पत्रिकेला शोभून दिसतो. इनडिझाइनमध्ये काम करणार असशील आणि जोडाक्षरं फुटलेली दिसली, तर परिच्छेदाच्या पॅनलच्या मेनूत ‘वर्ल्ड-रेडी पॅराग्राफ कंपोजर’ निवड, ती जुळून येतील.

आता ती न सोडलेली गोष्ट. मजकूर एका फॉन्टातून दुसऱ्यात गेला की तो नवा मजकूर समजायचा आणि पहिल्या अक्षरापासून वाचायचा. तीन जागी बोट ठेवून थांबायचं. पहिली, ह्रस्व वेलांटी. जुन्या फॉन्टात ती अक्षराआधी टाइप होते, त्यामुळं शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते. दुसरी, रफार. तिसरी, ऱ्ह आणि ऱ्य. ‘वऱ्हाडी मंडळी’चं ‘वर्हाडी’ झालेलं भल्याभल्यांच्या नजरेतून सुटतं. आणि नावं, तिथी, मुहूर्ताची वेळ हे आईला मोठ्यानं वाचायला सांग, तू प्रूफावर बघ.

पार्टीला फोन करायला लाजू नकोस. सकाळी सातला तूच कर. ‘दादा, मशीनमध्ये बिघाड झालाय, प्रूफ नऊऐवजी बाराला देते’, एवढंच बोल. ‘बघते, करते’ असं म्हणू नकोस, वेळ सांग. लग्नघरातल्या माणसाला कारणात रस नसतो, त्याला पत्रिका कधी हातात पडेल ते हवं असतं. लगेच दुसरा फोन ऑफसेटवाल्याला, म्हणजे तो प्लेटची वेळ पुढं सरकवेल.

हे निभावलं की तीन सवयी लावून घे. पहिली, काम संपलं की फाइल तीन रूपांत ठेवायची: मूळ फाइल, सगळी अक्षरं कर्व्ह केलेली प्रत, आणि पीडीएफ. कर्व्ह केलेल्या प्रतीला फॉन्ट लागत नाही, पण तिच्यात शब्द बदलता येत नाही, म्हणून चौथं एक साधं मॅटर युनिकोडमध्ये वेगळं ठेव. पुढं कधी एखाद्या गावाचं नाव बदललं तर ते चौथंच उपयोगी पडेल.

दुसरी, अपडेट तुझ्या सवडीनं घ्यायचं. विंडोज 11 मध्ये ते पाच आठवड्यांपर्यंत थांबवता येतं. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, नवरात्रात तुळजापूरच्या वाटेवरचे फ्लेक्स, चैत्रात येरमाळ्याची यात्रा. या दिवसांत मशीनला हात लावू द्यायचा नाही. पण कायमचं बंदही ठेवू नकोस, सुरक्षेची दुरुस्ती त्यातूनच येते. मी पितृपंधरवड्याचे पहिले दिवस धरते. गणपती उठलेले असतात, शुभकार्याच्या पत्रिका नसतात, आणि काही बिघडलं तर नवरात्राआधी आठ-दहा दिवस हाताशी राहतात. त्या वेळी बॅटरी बॅकअप भरलेला ठेव. अपडेट अर्ध्यात असताना लाइट गेली तर दुखणं दुप्पट होतं. आणि जुनं मशीन भंगारात देऊ नकोस. त्याला इंटरनेट जोडू नकोस, जुना फॉन्ट आणि जुनं सॉफ्टवेअर त्यावर तसंच राहू दे.

तिसरी सवय पैशाची, आणि ही मी तुला बहीण म्हणून बजावून सांगतेय. जुनी फाइल नव्यानं टाइप करणं, तपासणं हे काम आहे. बिलात त्याची वेगळी ओळ टाक. आपण बायका ‘एवढंसंच तर होतं’ म्हणून सोडून देतो आणि रात्री जागतो. पार्टीला आधी सांगितलं तर पार्टी देते.

तू मागच्या महिन्यात केलेली ती पत्रिका माझ्या कपाटाच्या दाराला लावलेली आहे. दोन नावांच्या मध्ये तू जी मोकळी जागा सोडलीस ती कुठल्या सॉफ्टवेअरनं सुचवली नव्हती. ती नजर तुझ्याकडं कालही होती आणि आजच्या अपडेटनंतरही आहे.

ताट उचल, तोंडावर पाणी मार आणि टाइप करायला बस. प्रूफ निघालं की पार्टीला देण्याआधी मला फोटो पाठव, कितीही वाजले असले तरी. वऱ्हाडातला ऱ्ह मी बघते.