'राउळ' या पदाचा अर्थ

पंचकृष्णांच्या नामस्मरणात 'श्रीचांगदेव राउळ' आणि 'श्रीगुंडम राउळ' ही नामे नित्य उच्चारली जातात. श्रीचक्रपाणी प्रभू व श्रीगोविंदप्रभू यांच्या नामांस जोडलेले 'राउळ' हे पद मूळचे राजांचे होय. ज्यांनी राज्य केले नाही त्यांना राजपद कसे, अशी शंका साधकास येणे साहजिक आहे.

प्रथम व्युत्पत्ती पाहू. संस्कृत 'राजकुल' शब्दातील 'ज' व 'क' प्राकृतात लोप पावून 'राउल' झाले. मराठीत 'ल'चा 'ळ' होऊन 'राउळ' झाले. 'देवकुल' पासून 'देऊळ' झाले तेही याच रीतीने. कुल म्हणजे वंश, तसेच घर. म्हणून राउळ म्हणजे राजाचे घर आणि लक्षणेने त्या घराचा धनी. मराठीत देवमंदिरासही राउळ म्हणतात. यास्तव ग्रंथवाचनात हे पद स्थलवाचक की व्यक्तिवाचक, हे प्रकरणावरून ठरवावे.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात मेवाडचा समरसिंह व जालोरचा सामंतसिंह यांच्या शिलालेखांत 'महाराजकुल' ही पदवी आढळते. तिचेच लोकभाषेतील रूप 'महारावल'. डुंगरपूर, बांसवाडा व जैसलमेरचे अधिपती हीच पदवी लावीत. परंतु चितोडच्या रावळांची सत्ता इ. स. १३०३ मध्ये गडाबरोबर गेली. ही तीन संस्थाने १९४८-४९ मध्ये विलीन झाली. आणि १९७१ च्या २६ व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची शासकीय मान्यताही संपली. घर गेले, तसे घरावरून आलेले पदही गेले.

आता श्रीप्रभूंकडे पाहावे. श्रीचक्रपाणी प्रभूंनी द्वारावतीत हाती खराटा व सूप घेऊन रस्ते झाडले. श्रीगोविंदप्रभू ऋद्धिपुरात मुलांत खेळले आणि ज्यांना गाव दूर ठेवीत होते त्यांच्याही दारी गेले. येथे सैन्य नाही, कोश नाही, वंशाचा अभिमान नाही. तरीही लोकांनी त्यांस राउळ म्हटले. राजा प्रजेस अन्न, वस्त्र, अभय देतो. तेही त्याची सत्ता असेतोवर. जीवास अनादी बंधनातून सोडविणे हे मात्र परमेश्वराचेच सामर्थ्य. त्या अर्थी हे पद येथे उपचाराचे नसून यथार्थ आहे.

म्हणून नाम घेताना साधकाने 'राउळ' शब्दात वैभव शोधू नये. तो खराटा आठवावा, आणि आपल्या ठायी कुळाचा व मानाचा किती अहंकार उरला आहे, हे तपासावे.