टीव्हीवरचा ब्रॉक लेस्नर खरा पैलवान होता का?

प्रश्न : शाळेत असताना आम्ही डब्ल्यूडब्ल्यूईतल्या ब्रॉक लेस्नरसाठी वेडे होतो. तिथले निकाल आधीच ठरलेले असतात हे पुढे कळलं. मग हाच माणूस यूएफसीच्या खऱ्या लढतींत विजेता कसा झाला?
– एक वाचक, कराड

उत्तर : लेस्नर टीव्हीवर येण्याआधीच अस्सल पैलवान होता, म्हणून. साउथ डकोटातल्या वेबस्टरचा हा शेतकऱ्याचा मुलगा, गोठ्यात वाढलेला. अमेरिकेच्या विद्यापीठीय कुस्तीत १९९९ साली तो हेवीवेटची अंतिम लढत एका गुणाने हरला. (त्याला हरवणारा स्टीफन नील पुढे अमेरिकन फुटबॉलमध्ये न्यू इंग्लंड पेट्रियट्सकडून खेळला.) पुढच्याच वर्षी मिनेसोटा विद्यापीठाकडून लेस्नरने ते विजेतेपद मिळवलं. महाविद्यालयीन काळात त्याने १०६ कुस्त्या मारल्या, ५ गमावल्या. हा हिशेब नुरा कुस्तीचा नाही.

डब्ल्यूडब्ल्यूईत २००२ साली द रॉकला हरवून तो २५व्या वर्षी चॅम्पियन झाला. पटकथेनुसार, अर्थातच. २००४मध्ये ते वैभव सोडून तो मिनेसोटा व्हायकिंग्जच्या फुटबॉल शिबिरात गेला. त्याच वसंतात मोटरसायकलच्या अपघातात त्याचा जबडा मोडला होता आणि महाविद्यालयात तो फुटबॉल खेळलाच नव्हता. तरी सरावसामन्यांपर्यंत पोहोचला. हंगामाच्या तोंडावर त्याला वगळलं. याला अपयश म्हणायला माझं मन धजत नाही.

जून २००७मध्ये त्याने एमएमएतली (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) पहिली लढत ६९ सेकंदांत जिंकली. खरी परीक्षा फेब्रुवारी २००८मध्ये झाली, यूएफसी या एमएमए संघटनेत फ्रँक मिरसमोर. लेस्नरने त्याला क्षणात खाली घेतलं आणि वरून ठोसे लगावले. आपल्याकडे पाठ टेकली की कुस्ती निकाली. एमएमएत मात्र खाली पडलेला माणूसही तितकाच धोकादायक असतो, आणि मिर तर ब्राझिलियन जिउजित्सूचा ब्लॅक बेल्ट. खालूनच त्याने लेस्नरचा पाय धरला, गुडघा उलटा ताणला. दीड मिनिटात लेस्नरने हार कबूल केली.

इथून पुढचं मला सर्वांत मोलाचं वाटतं. ऑगस्टमध्ये हीथ हेरिंगला त्याने तिन्ही फेऱ्या दाबून ठेवलं. कब्जा म्हणजे काय ते तिथे बघावं. नोव्हेंबरमध्ये रँडी कूटूरला दुसऱ्या फेरीत हरवून तो हेवीवेट विजेता झाला, कारकिर्दीतल्या अवघ्या चौथ्या लढतीत! जुलै २००९मध्ये मिरला हरवून त्या पराभवाची परतफेडही केली. मग मोठ्या आतड्याच्या आजाराने त्याला गाठलं. त्यातून उठून जुलै २०१०मध्ये तो शेन कार्विनसमोर उभा राहिला. पहिल्या फेरीत त्याने बेदम मार खाल्ला. दुसऱ्या फेरीत त्याने कार्विनला खाली घेतलं आणि मान व दंड एकत्र आवळून शरण आणलं. ज्या जातीच्या डावाने तो हरला होता, त्याच जातीचा डाव त्याने आता स्वतः टाकला होता.

ठोसे झेलण्याची सवय मात्र त्याच्या अंगात कधी मुरली नाही. ती लहान वयात लागते. केन व्हेलास्केझने ऑक्टोबर २०१०मध्ये पहिल्याच फेरीत त्याचं विजेतेपद हिसकावलं. पुढच्या वर्षी आतड्याचा काही भाग कापावा लागला आणि अलिस्टर ओव्हरीमकडून तो हरला. २०१६मध्ये परतून त्याने मार्क हंटला हरवलं खरं, पण उत्तेजक चाचणीत दोषी आढळल्याने तो विजय रद्द झाला. हा डाग आहे, आणि तो झाकून त्याचं कौतुक करणं मला मान्य नाही.

एकूण नोंद ५ विजय, ३ पराभव, एक लढत निकालाविना. सवड काढून मिरविरुद्धची पहिली लढत आणि कार्विनविरुद्धची दुसरी फेरी लागोपाठ पाहा. तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्या काही मिनिटांत दिसेल.