बोर्डाची ओळख सॉफ्टवेअरला कशी पटते?

प्रश्न : आमच्या लॅबमध्ये रास्पबेरी पाय मॉडेल बीचे दोन जुने बोर्ड आहेत. तापमानाच्या सेन्सरचा माझा पायथन प्रोग्राम एकावर नीट चालतो, दुसऱ्यावर सेन्सर सापडतच नाही. वायरिंग तेच, सेन्सरही तोच. आपण कोणत्या बोर्डावर चालतो आहोत हे प्रोग्रामला कळू शकतं का?
– पॉलिटेक्निकची एक विद्यार्थिनी, मिरज

उत्तर : कळू शकतं. आधी दोन्ही बोर्ड शेजारी ठेवून बघा. एकावर स्क्रूसाठी दोन भोकं असतील, दुसऱ्यावर बहुधा नसतील. बिनभोकांचा बोर्ड फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या पहिल्या आवृत्तीचा. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये दुसरी आवृत्ती आली आणि तिसऱ्या व पाचव्या पिनेवर शून्य क्रमांकाच्या आय-टू-सी बसऐवजी एक क्रमांकाची बस आली. तुमचा प्रोग्राम बस १ वर सेन्सर शोधत असेल, तर जुन्या बोर्डावर तो सापडणारच नाही.

घरच्या पीसीवर ही अडचण सहसा येत नाही. पीसीआय किंवा यूएसबीवरच्या उपकरणाला विचारलं की ते आपला उत्पादक आणि मॉडेल क्रमांक सांगतं. आय-टू-सी आणि जीपीआयओवर अशी सोय नाही. कोणत्या पिनेला काय जोडलंय हे कुणीतरी आधीच लिहून ठेवावं लागतं. पूर्वी लिनक्समध्ये प्रत्येक एआरएम बोर्डाला नोंदणी करून क्रमांक मिळे आणि त्याचं वर्णन थेट कर्नलच्या कोडमध्ये असे. बोर्ड वाढत गेले तसा हा कोड इतका फुगला की २०११ मध्ये लिनस टोरवाल्ड्स उघड चिडले. त्यानंतर एआरएमवर ‘डिव्हाइस ट्री’ रुळलं : बोर्डाचं वर्णन वेगळ्या फाइलमध्ये, आणि बूट होताना ती कर्नलच्या हाती.

पण कोणती फाइल द्यायची, हे बूट करणाऱ्याला कोण सांगतं? पायमध्ये मुख्य चिपच्या आत एकदाच लिहिता येणारी छोटी मेमरी असते. त्यात कारखान्यातच आवृत्तीचा कोड टाकतात. पाय ३ वर तो ‘ए०२०८२’ असा दिसतो, आणि तो उलगडताना मला अजूनही मजा येते. शेवटचा २ म्हणजे आवृत्ती १.२. त्याआधीचा ०८ म्हणजे पाय ३ मॉडेल बी. मग २ म्हणजे बीसीएम २८३७ ही चिप, ० म्हणजे सोनीचा ब्रिटनमधला कारखाना. पहिल्या ‘ए’मध्ये एक जीबी रॅम आणि ‘हा नव्या पद्धतीचा कोड आहे’ ही खूण, दोन्ही सामावलेलं असतं. तुमचे बोर्ड मात्र जुन्या पद्धतीचे. त्यांच्यावर ०००२ किंवा ०००३ दिसलं तर पहिली आवृत्ती, ०००४ पासून पुढे दुसरी.

बीगलबोनमध्ये ही माहिती वेगळ्या ईईप्रॉम चिपमध्ये असते. लहान कंपन्यांचे डिझायनर त्याहून स्वस्तात भागवतात : तीन पिना रेझिस्टरने ३.३ व्होल्टला किंवा ग्राउंडला बांधायच्या, की आठ आवृत्त्या ओळखता येतात. ही युक्ती मला फार आवडते, कारण ती वाचायला मल्टिमीटरही पुरतो.

कोड वाचायचा तर प्रोक फोल्डरमधल्या सीपीयूइन्फो फाइलची ‘रिव्हिजन’ ओळ बघा. त्याच फाइलच्या ‘हार्डवेअर’ ओळीवर विसंबू नका. अनेक कर्नलवर ती पाय ३ लाही बीसीएम २८३५ म्हणते. शिवाय जुन्या बोर्डावर ओव्हरव्होल्टेजची सेटिंग वापरली गेली असेल तर कोडाआधी १०० लागतं आणि ०००२ चं १०००००२ होतं. म्हणून शेवटचे चार अंकच तपासा.

माणसाला वाचता येईल असं नाव हवं असेल तर डिव्हाइस ट्रीची ‘मॉडेल’ फाइल उघडा. तिच्या शेवटी न दिसणारा एक शून्य बाइट असतो. तो काढल्याशिवाय नावाची तुलना केलीत तर स्क्रीनवर दोन्ही नावं हुबेहूब दिसतील आणि प्रोग्राम मात्र ती वेगळी आहेत म्हणेल.

तुमच्या कामापुरतं मी नावाच्या मागे लागणार नाही. प्रोग्रामने डेव्ह फोल्डरमध्ये आय-टू-सीच्या ज्या बस दिसतात त्यांवर सेन्सरचा पत्ता विचारावा आणि जिथून उत्तर येईल ती बस वापरावी.