आधी खुराड्यात बसून बघ

चि. बाबू यास,


फोटो मिळाले. खुराडं देखणं झालंय, त्यात शंका नाही. जांभ्याचे चिरे, वर निळा पत्रा, खाली कोबा, दाराला पितळी कडी. पण बाबू, तू कोंबड्यांना खुराडं नाही, तिजोरी बांधलीस. ८ बाय ५ फुटांच्या खोलीला एक दार आणि एक फूटभर खिडकी, आणि झड येते म्हणून तीही पुठ्ठा लावून बंद केलेली. आत बावीस कोंबड्या. आणि वर मला विचारतोस, रोज झाडूनही वास का येतो आणि कोणतं फिनेल घालू!

फिनेल राहू दे. उद्या पहाटे कोंबड्या सोडायच्या आधी दार उघड, आत जा आणि उकिडवा बस. डोकं कोंबडीच्या उंचीला आलं पाहिजे. उभ्या माणसाला आतली हवा ठीकच वाटते, कारण अमोनिया वायू खालच्या घाणीतून निघतो आणि तिथेच त्याचा जोर सगळ्यात जास्त असतो. पहिल्या दोन-चार श्वासांत काय जाणवतं तेच खरं धर, नंतर नाक सरावतं आणि खोटं बोलायला लागतं. डोळे चुरचुरले तर समजून जा. कुक्कुटपालनात अमोनियाची मर्यादा हवेच्या दहा लाख भागांत २५ भाग एवढीच मानतात. तुझ्या डोळ्यांना झोंबायला लागलं म्हणजे ती गाठली किंवा ओलांडली, आणि कोंबड्या रात्रभर त्याच हवेत होत्या.

आता हा अमोनिया येतो कुठून ते सांगते. निवृत्त झाले तरी विज्ञानाच्या बाईंची खोड जात नाही, तेव्हा ऐकून घे. कोंबडीला वेगळी लघवी नसते. विष्ठेवर जो पांढरा भाग दिसतो तो युरिक आम्लाचा. त्याला ओल आणि ऊब मिळाली की जिवाणू कामाला लागतात आणि त्याचा अमोनिया होतो. कोरड्या जागी हे काम रेंगाळतं, ओल्या जागी जोरात चालतं. ओल काही थोडीथोडकी नसते. एक कोंबडी दिवसाला साधारण पाव लिटर पाणी पिते, उकाड्यात त्याच्याहून बरंच जास्त. बावीस कोंबड्यांचे झाले पाच-साडेपाच लिटर. अंड्यात जातं तेवढं सोड, बाकीचं सगळं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर येतं, आणि त्यातला बराच वाटा रात्री तुझ्या बंद खोलीत. कोंबडीला घाम येत नाही. तिच्या अंगाची उष्णता ४१ अंशांच्या आसपास, आणि ती कमी करायला तिच्याकडे धापणं हाच मोठा मार्ग. म्हणजे उकडलं की हवेत आणखी वाफ. सकाळी पत्र्याच्या आतल्या बाजूने थेंब गळताना दिसतात ना? छप्पर गळतंय म्हणून तू सीलंट आणलंस म्हणे. ते पावसाचं पाणी नाही रे, कोंबड्यांच्या श्वासाचं आहे.

म्हणून सांगते, खुराडं झाडून स्वच्छ होत नाही, वाळून होतं. तू दिवसातून दोनदा झाडलंस, पण खालचा कोबा दमटच राहिला आणि हवेला बाहेर पडायला वाट नसली, तर झाडलेल्या जागेवर रात्रीत पुन्हा तेच. शिवाय अमोनियाने श्वासनलिकेतली बारीक लव मरते. धूळ आणि जंतू बाहेर ढकलायचं काम तिचं. ती गेली की कोंबड्या शिंकतात, घरघरतात, आणि आपण औषधाच्या बाटल्या आणत बसतो.

तू सगळं बंद का केलंस ते मला कळतं. मुंगूस, कांडेचोर, रानमांजर, झालंच तर धामण. आपल्याकडे प्रत्येक घराची एकतरी गोष्ट असते, रात्रीत दहा कोंबड्या गेल्याची. पण मुंगूस अडवायला भिंत लागत नाही, जाळी लागते. ती षटकोनी भोकांची पातळ जाळी आणू नकोस. ती कोंबडीला आत ठेवते, जनावराला बाहेर ठेवत नाही. अर्ध्या इंचाची वेल्ड मेश घे, जाड तारेची. महाग पडेल, पडू दे.

लांबीच्या दोन्ही भिंतींचे वरचे दोन थर काढून टाक, अगदी पत्र्याखालचे, आणि तिथे ही जाळी बसव. समोरासमोर, म्हणजे हवा एका बाजूने शिरून दुसरीने जाईल. गरम दमट हवा वर चढते, तिला वरच वाट पाहिजे. पूर्वेच्या भिंतीत खालच्या बाजूलाही एक आडवं जाळीचं तोंड ठेव, ताजी हवा तिथून येऊ दे. कोंबड्या बसतात ती दांडी वरच्या जाळीपेक्षा चांगली खाली हवी. हवा डोक्यावरून वाहिली पाहिजे, वाऱ्याचा झोत अंगावर यायला नको. हवा खेळती असणं वेगळं आणि ओल्या अंगावर वारा झोडपणं वेगळं. लोक दुसऱ्याला घाबरून पहिलंही बंद करतात. पश्चिमेला पत्रा तीन फूट तरी बाहेर काढ. आपला पाऊस नैऋत्येकडून तिरका येतो आणि वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो, त्याला फूटभर वळचण म्हणजे थट्टा.

जुलैमध्ये तू ताडपत्री लावणारच, सगळे लावतात. फक्त ती वरून खाली सोडू नकोस. खालची कड पक्की बांध आणि पडदा खालून वर ओढायची सोय कर, म्हणजे झड अडते आणि वरची फूटभर फट उघडी राहते. मोठ्या पोल्ट्रीवाल्यांचे पडदे असेच असतात, बघून ये. सात-आठ दिवस पाऊस थांबलाच नाही तर बाहेरची हवाही ओलीच असते, मग आत घेऊन काय उपयोग, असं तुला वाटेल. उपयोग आहे. कोंबड्यांच्या उबेने ती हवा आत आली की थोडी तापते, आणि तापलेली हवा जास्त वाफ उचलून नेते. अमोनिया तर जातोच.

आणि आतला तो शंभर वॉटचा बल्ब काढ. पिल्लांना ऊब लागते, या मोठ्या झालेल्या कोंबड्यांना नाही. मोबाइलवर जी खुराडी बघून तू हे बांधलंस ती बर्फ पडणाऱ्या देशांतली आहेत. निफाडला थंडीत पारा खाली गेला की तिथल्यांनी वाऱ्याची काळजी करावी. आपल्याला थंडी मारत नाही, दमट उकाडा मारतो. एप्रिल-मेसाठी पत्र्यावर चुना मार आणि नारळाच्या झावळ्या टाक. दुपारी कोंबड्या पंख अंगापासून लांब धरून, चोच उघडी टाकून उभ्या राहिल्या तर आत काय होतंय ते वेगळं मोजायला नको.

आता खालची गादी. कोब्यावर नुसतं पोतं अंथरलंस ते काढ. भाताच्या गिरणीतून तूस आण आणि तीन-चार इंच पसर. लाकडाचा भुसाही चालतो, पण रंधा मारलेला जाडसर. अगदी बारीक भुशाची धूळ नाकात जाते. पावसाळ्यात दोन-तीन दिवसांनी फावड्याने वरखाली कर. गादी बरी आहे का ते मुठीने कळतं. मूठभर तूस घट्ट दाबून सोड. लाडू तसाच राहिला तर ओली आहे, अलगद सुटला तर ठीक. घट्ट ढेपा झाल्या असतील तेवढ्याच उचलून टाक आणि तिथे नवं तूस घाल. सगळं बदलायची गरज नसते. ओल्या गादीचा वास हा एकच त्रास नाही. रक्ती हगवणीच्या परजीवींची अंडी विष्ठेतून पडतात, आणि ओल व ऊब मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. त्यांना बहुतेक जंतुनाशकं काही करत नाहीत. कोरडेपणा मात्र त्यांना सोसत नाही.

पाण्याचं भांडं बाहेर काढ. अंधारात कोंबडी पाणी पीत नाही, ते रात्री आत ठेवून फक्त सांडतं. दिवसा बाहेर सावलीत, विटांवर ठेव, त्याची कड कोंबडीच्या पाठीएवढ्या उंचीला येईल असं.

चुन्याबद्दल तू विचारलंस. शाळेत नवसागर आणि चुना एकत्र चोळून वर्गाला हुंगायला देत असे, मुलं नाक धरून पळायची. गादीवर चुना ओतलास की तेच होतं, अडकलेला अमोनिया मोकळा सुटतो. कोंबड्यांचे पायही भाजतात. नवी, कोरडी गादी अंथरताना खाली किंचित भुरभुरला तर हरकत नाही, पण वास आला म्हणून वरून टाकायचा नाही. चुन्याची खरी जागा भिंत. तुझा जांभा दिसायला छान, पण तो भोकाभोकांचा दगड. त्या भोकांत गोचीड आणि त्याहून बारीक लाल किडे दिवसभर लपतात आणि रात्री कोंबडीचं रक्त पितात. महिनोन् महिने उपाशी राहू शकतात, म्हणून खुराडं रिकामं ठेवूनही जात नाहीत. आतून गिलावा करून गुळगुळीत कर आणि वर्षातून दोनदा चुन्याचे हात दे. ऑइल पेंट नको, त्यावर दव धरतं.

दांड्या भिंतीत पक्क्या करू नकोस, उचलून उन्हात टाकता आल्या पाहिजेत. कोंबडीला आठ इंच जागा धर, बावीस जणींना आठ फुटी दोन दांड्या पुरतील. दोन्ही एकाच उंचीवर ठेव. वरखाली ठेवल्यास की सगळ्यांना वरचीच हवी असते, रोज संध्याकाळी भांडणं. रात्रीची बहुतेक घाण दांडीखालीच पडते, तेव्हा तिथे एक पत्रा सरकव आणि सकाळी खरवडून काढ. माझ्या मते सगळ्या कामात हेच काम रोज करण्यासारखं आहे, आणि याला पाच मिनिटंही लागत नाहीत. बाकीचं चुकलंमाकलं तरी हे चुकवू नकोस. किड्यांचा संशय आला तर रात्री बॅटरी घेऊन जा आणि पांढरं फडकं दांडीच्या खालून फिरव. लाल ठिपके उमटले की कळलं. कोंबड्या संध्याकाळी आत जायला कुरकुरू लागल्या, फणसावर चढून बसायला लागल्या, तरी त्यांना ओरडू नकोस, आधी दांड्या बघ. एका कोपऱ्यात घमेल्यात चुलीची राख आणि बारीक माती ठेव. त्यात लोळून त्या स्वतःची साफसफाई स्वतः करतात.

मोठी सफाई मेअखेरीला, पाऊस लागायच्या आधी, आणि दुसरी दिवाळीच्या सुमारास. तोंडाला फडकं बांध. सगळं तूस काढ, खरवड, झाड. हे सगळं कोरडंच. मग धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने घास. मग वाळू दे, पूर्ण वाळू दे. जंतुनाशक त्यानंतर. घाणीवर ओतलेलं ब्लीचिंग घाणीशीच झगडण्यात संपतं, आणि ताज्या विष्ठेतल्या अमोनियाशी मिळून छातीला घातक वायू होतो. बंद खोलीत ते कधीच करू नकोस. कोंबड्या आत घेशील त्या वेळी कसलाच वास यायला नको, फिनेलचाही नाही. फिनेलचा वास म्हणजे स्वच्छता, हा तुझ्या मुंबईच्या जिन्यातला समज आहे. इथे तो वास खरा वास झाकतो आणि तुला कळायचं ते कळत नाही.

काढलेलं तूस फेकू नकोस, आणि लगेच झाडांनाही घालू नकोस, मुळं करपतात. शेणात, पालापाचोळ्यात मिसळून दोन-तीन महिने झाकून कुजव, मग नारळाला घाल. आता खुराड्यात नाकाला झोंबतंय ते नत्रच आहे, माडाला हवं असलेलं, फुकट उडून चाललेलं.

चिरे काढायला गवंडी बोलावशील तेव्हा आधी कोंबड्या हलव, धुरळ्यात ठेवू नकोस. जाळी बसली की पुन्हा एकदा फोटो पाठव, पण या वेळी आतून काढलेले.

तुझी,
आत्या

ता. क. सूनबाईला सांग, संध्याकाळची कडुनिंबाची धुरी कोंबड्या आत असताना नको. धुराने त्यांच्या श्वासनलिकेला पुन्हा तोच त्रास. द्यायची तर सकाळी, खुराडं रिकामं असताना. आणि मानमोडीची लस राहिली असेल तर गावच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात या आठवड्यातच विचार. मानमोडी काही खेळत्या हवेने टळत नाही.