मोबाईल तापीत पडला तरी फोटो राहतील

नावेतून मोबाईल पाण्यात पडला की नावेचे कागद, पासबुक, हिशोबाच्या वहीचे फोटोही जातात. बंदीच्या काळात हे काम उरकून घ्या.

गूगल फोटोज उघडा, वर उजवीकडे आपल्या चित्रावर बोट ठेवा, बॅकअप चालू करा. तो बहुधा वायफायची वाट पाहत बसतो. घरी वायफाय नसेल तर बॅकअप सेटिंगमध्ये मोबाईल डेटा चालू करा. १५ जीबी जागा फुकट आहे.

जागा करायला या ॲपमधून फोटो डिलीट करू नका, बॅकअपमधूनही जातात. जीमेल व पासवर्ड घरच्या वहीत लिहून ठेवा. नव्या मोबाईलमध्ये तेच टाकले की फोटो परत दिसतात.

— सचिव