जुन्या मोटारीचे सुटे भाग : खाजगी खरेदी-विक्रीतील दक्षता

उत्तरपाडा येथील कारखान्यात ॲम्बॅसडर मोटारीचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन त्यापूर्वीच, २००० च्या सुमारास, बंद झाले होते. तथापि या गाड्या हौसेने जपणारी मंडळी अद्याप ठिकठिकाणी आहेत. एकाच्या अंगणात उभी राहिलेली गाडी दुसऱ्याच्या चालत्या गाडीस दार, दिवा वा गिअरबॉक्स पुरविते. हा व्यवहार बहुधा तोंडी व विश्वासावर होतो. त्यात पैसा गुंतलेला असतोच. काही भागांच्या बाबतीत जीवही गुंतलेला असतो.

कायद्याची बाजू

एखाद्या जातीच्या मालाचा धंदा करणारा दुकानदार तो माल वर्णनावरून विकतो, तेव्हा माल विक्रीयोग्य दर्जाचा असावा, ही अट मालविक्रीविषयक १९३० च्या कायद्याने सामान्यतः गृहीत धरली आहे. धंदा न करणाऱ्या गृहस्थाच्या विक्रीस ती लागू होत नाही. मात्र वर्णन करून विकलेली वस्तू त्या वर्णनाबरहुकूम असलीच पाहिजे. म्हणून खाजगी व्यवहारात लेखी वर्णन हाच खरेदीदाराचा मुख्य आधार होय.

समजा, एकाने केवळ "ॲम्बॅसडरचे हेड" म्हणून भाग घेतला. या गाडीत पूर्वी १४८९ घनसेंटिमीटरचे पेट्रोल इंजिन असे. पुढे इसुझूच्या रचनेचे १.८ लिटरचे इंजिनही आले. एकाचे हेड दुसऱ्यास बसत नाही. पावतीवर इंजिनाचा प्रकार लिहिला असता, तर दाद मागणे सुलभ झाले असते.

चोरीचा भाग पूर्ण किंमत देऊन घेतला तरी मालकी मिळत नाही. चोरीचा आहे हे जाणून, अथवा तसे मानण्यास कारण असताना, अप्रामाणिकपणे घेतल्यास भारतीय न्याय संहिता, २०२३, कलम ३१७ अन्वये तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. इंजिन घेताना त्यावरील क्रमांक विक्रेत्याच्या नोंदणी पुस्तकाशी ताडून पाहावा. क्रमांक घासलेला असल्यास व्यवहार करू नये. इंजिन बदलण्यापूर्वी परिवहन कार्यालयाची मंजुरी घ्यावी.

पारख

१. हेडच्या सपाट बाजूवर पोलादी पट्टी उभी धरावी. खालून उजेड दिसल्यास हेड वाकलेले आहे.
२. ब्रेक ड्रम टांगून हलकेच ठोकावा. बद्द आवाज आल्यास तडा असण्याचा संभव असतो. आतील कडेस बोटाला उंच कंगोरा लागल्यास ड्रम बराच झिजलेला समजावा.
३. गिअरचे दाते तुटलेले वा टोकांशी गोलावलेले नसावेत.

दारे, बंपर, दिव्यांच्या चौकटी, मुठी हे भाग जुने घेण्यास हरकत नाही. परंतु ब्रेकच्या रबरी नळ्या व वाट्या, स्टिअरिंगचे सांधे आणि सुरक्षापट्टे जुने घेऊ नयेत. रबर बाहेरून चांगले दिसले तरी आतून कुजलेले असू शकते.

पावती

दोघांची नावे व पत्ते, तारीख, रक्कम, भागाचे नेमके वर्णन, ज्या गाडीतून तो काढला तिचा नोंदणी क्रमांक आणि ज्ञात दोष, एवढे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. विक्रेत्याने दोष लपवू नये. लिहून दिलेला दोष त्यालाही पुढील तंट्यापासून वाचवितो. ओळखीच्या माणसाकडे कागद मागण्याचा संकोच अनेकांस वाटतो. परंतु कागदामुळे स्नेह तुटत नाही. तो बहुधा कागद नसल्यामुळेच तुटतो.