नवरी एकदाच येते, गुरुजी दर मुहूर्ताला

प्रश्न : मी सांगलीत घरूनच लग्नाचे अंतरपाट रंगवते. सोबत सप्तपदीचा सेट, मुंडावळ्या, औक्षणाचं ताट असंही करून देते. पहिला अंतरपाट बहिणीच्या लग्नात केला, मग तिच्या नणंदेने मागितला, मग ओळखीओळखीतून कामं येत गेली. आता इन्स्टाग्रामवर साडेतीन हजार फॉलोअर आहेत. रील टाकलं की ‘प्राइस प्लीज’ म्हणून ढीगभर कमेंट येतात, किंमत कळवली की माणूस गायब. हंगामात रात्र रात्र जागते आणि श्रावणात हातावर हात धरून बसते. जाहिरातीवर पैसे घालू का? एक बऱ्यापैकी प्रसिद्ध मुलगी म्हणते, तिच्या लग्नाला सगळं फुकट दिलं तर ती रील करेल. देऊ का? नवऱ्याचं म्हणणं, दर उतरव, धंदा आपोआप वाढेल. नक्की काय करू?
— एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, तुमचं अर्धं उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बहीण, मग तिची नणंद, मग नणंदेच्या ओळखीतली माणसं. आजवर जी कामं मिळाली ती कुणीतरी मांडवात तुमचा अंतरपाट डोळ्यांनी पाहिला म्हणून. त्यात ते साडेतीन हजार लोक कुठेच नाहीत.

तुमच्या धंद्याची गोम अशी की कितीही खूश झालेलं गिऱ्हाईक त्याच कामासाठी पुन्हा येत नाही. येऊ नये म्हणूनच तर आपण अक्षता टाकतो! वाण्याकडे तीच गृहिणी दर महिन्याला यादी घेऊन येते. तुम्हाला मात्र दर वेळी नवी नवरी शोधावी लागते आणि तिला पहिल्यापासून सगळं समजवावं लागतं. म्हणून माझा सल्ला, नवरीच्या मागे धावणं कमी करा. दर मुहूर्ताला मांडवात कोण कोण असतं, त्यांच्याकडे वळा.

पहिले गुरुजी. लग्न ठरलं की गुरुजी घरच्यांना साहित्याची यादी देतात : हळद-कुंकू, सुपाऱ्या, नारळ, लाह्या, अक्षता, आणि त्याच यादीत कुठेतरी ‘अंतरपाट’. वधूची आई ती यादी हातात धरूनच बाजारात निघते. त्या ओळीशी आली की ती गुरुजींना विचारते, ‘हा आम्ही आणायचा की तुम्ही?’ तुमचा धंदा त्या प्रश्नात आहे. सांगली-मिरजेतल्या चार गुरुजींना एकेक साधा अंतरपाट करून द्या. जाड सुती कापड, धुता येईल असा लाल रंग, मधोमध फक्त स्वस्तिक. नावं नकोत आणि तुमचा फोन नंबर तर मुळीच नको. मांडवात जाहिरात शोभत नाही. ज्या घरांनी अंतरपाट आणलेला नसेल तिथे तो वापरला जाईल आणि ‘हा कुणी केला हो?’ असं कुणीतरी विचारेलच. गुरुजींना टक्केवारीचं मात्र बोलू नका. काही जण घेतीलही, पण एकदा पैसा मध्ये आला की त्यांच्या शब्दाचं वजन जातं, आणि तुम्हाला तर तेच हवं आहे.

दुसरा फोटोग्राफर. हा माणूस तुमचा अंतरपाट तुमच्यापेक्षा जास्त बारकाईने बघतो. त्याला एकदा चहा पाजा आणि काय खुपतं ते विचारा. तो साधारण असं सांगेल : दोघे जण दोन टोकं धरतात तेव्हा कापड मध्ये लोंबतं आणि नेमकी नावं घडीत जातात. टिकल्या, आरसे, चकचकीत सोनेरी रंग व्हिडिओच्या दिव्यात पांढरेफटक दिसतात. आणि निम्मे फोटो मागच्या बाजूने निघतात, जिथे रंग झिरपल्याचे डाग असतात. मग वरच्या कडेला दुमड घालून त्यात पातळ काठी सरकवायची सोय करा, मागे अस्तर लावा, सोनेरी रंग मॅट वापरा. सांगलीकरांना गुळेदगुड्डचा खण काही फार लांब नाही. खणाचा काठ लावला तर कापडाला आपोआप वजन येतं आणि ते सरळ पडतं. ‘शेवटच्या मंगलाष्टकाला अंतरपाट खाली येतो तो फोटो या बाईंच्या कामात हमखास चांगला येतो,’ हे फोटोग्राफरने पुढच्या घरी सांगणं कुठल्याही रीलपेक्षा मोलाचं. त्याचा फोटो तुमच्या पानावर टाकाल तेव्हा त्याची आणि त्या घरच्यांची, दोघांची परवानगी घ्या आणि खाली त्याचं नाव द्या.

तिसरी मेकअपवाली. लग्नाच्या आधी ट्रायल होते, तेव्हा शालूचा रंग ठरलेला असतो, नवरी तास-दोन तास खुर्चीत बसलेली असते आणि बोलायला मोकळी असते. अंतरपाट शालूला शोभेल असा हवा, ही कल्पना तिथेच रुजते. कार्यालयाच्या ऑफिसात एखादा छोटा नमुना फ्रेम करून लावता आला तर लावा, कारण हॉल सगळ्यांत आधी बुक होतो. केटरर आणि बँडवाले सोडून द्या, त्यांना त्या दिवशी मान वर करायलाही फुरसत नसते.

इव्हेंटवाले कमिशन मागतील. द्यायला हरकत नाही, पण किती ते आधी ठरवून लिहून घ्या. आणि थेट आलेल्या गिऱ्हाइकाला एक दर, त्यांच्याकडून आलेल्याला चढा, असं करू नका. सांगलीएवढ्या गावात ते आठ दिवसांत कळतं.

आता श्रावणाचं. नवरी अंतरपाटासाठी परत येत नाही, पण लग्नानंतरचं पहिलं वर्ष आठवून बघा. श्रावणातल्या मंगळवारी पहिली मंगळागौर. मग दिवाळसण. जानेवारीत पहिली संक्रांत, म्हणजे काळी साडी आणि हलव्याचे दागिने. पुढे डोहाळजेवण, बारसं. आणि काही वर्षांनी मुलाची मुंज, जिथे बटू आणि वडिलांच्या मध्ये पुन्हा अंतरपाटच धरतात! ज्या घराने तुमच्याकडून एकदा काम करून घेतलं त्याला यातलं निम्मं लागणारच असतं. तुम्ही विचारत नाही म्हणून ते दुसरीकडे जातात.

तेव्हा एक वही घाला. नवरीचं नाव, सासर-माहेरचे फोन, लग्नाची तारीख. आषाढ सुरू झाला की गेल्या हंगामातल्या प्रत्येक नवरीच्या आईला एकच मेसेज : ‘ताईंची पहिली मंगळागौर कुठे करताय? मागची सजावट आणि ताटं मी करते.’ मेसेज आईलाच करा. मुलगी ‘बघू’ म्हणते, आई तारीख सांगते. हलव्याचे दागिने स्वतः करायच्या भानगडीत पडू नका, ती वेगळी कला आहे. करणारीला गाठा आणि एकमेकींची कामं एकमेकींना द्या.

पंचांगही भिंतीवर नुसतं टांगून ठेवू नका, जानेवारीतच पेन घेऊन बसा. २०२४च्या मे-जूनमध्ये गुरु-शुक्राच्या अस्तामुळे मुहूर्त फारच थोडे होते आणि ऐन उन्हाळ्यात कित्येकांची कामं बसली. २०२६मध्ये १७ मे ते १५ जून अधिक ज्येष्ठ, म्हणजे तो महिना लग्नांना बाद. पण अधिक महिना म्हटला की जावयाचं वाण आलं. तेहतीस अनारसे, दिवा, ताट. अनारसे कुणीही करो, ते ताट सजवून देणारं कुणीतरी लागतंच. चातुर्मासातलेही गौणकाल मुहूर्त हल्ली काही पंचांगं देतात, तेही खूण करून ठेवा. आणि परदेशातल्या मराठी घरांकडे लक्ष असू द्या. रुखवताचा मोठा देखावा विमानात नेता येत नाही, अंतरपाट घडी करून बॅगेच्या तळाशी जातो.

दराबद्दल नवऱ्याशी वाद घालू नका, कागद-पेन्सिल घ्या. समजा एका अंतरपाटाला कापड ७०० रुपये, रंग-लेस-गोंडे ३५०, खोकं १००, कुरियर १५०. झाले १३००. तुम्ही विकता २५००ला. उरले १२००. आता खरे तास मोजा : रेखाटन, रंग, वाळवण, अस्तर, आणि ‘मोराचा निळा जरा गडद करता येईल का’ या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या चर्चेसकट १४ तास धरू. तासाला पंच्याऐंशी-शहाऐंशी रुपये पडले. त्यात बिघडलेलं कापड नाही, वीज नाही, रात्रीचं जागरण नाही. इथून दर उतरवला तर वाढेल ते फक्त जागरण. तासाचे १५० धरले तरी ३४०० होतात, आणि तेवढे मागायला लाजायचं काही कारण नाही. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी तुमच्याच स्टेन्सिलवरचा, नावं नसलेला, चार तासांत होणारा साधा प्रकार वेगळा ठेवा. तेच काम स्वस्तात देऊ नका.

‘प्राइस प्लीज’वाले गायब होतात कारण तुम्ही किंमत लपवता. इनबॉक्समध्ये बोलावून आकडा सांगितला की माणूस दचकतो. ‘साधा इतक्यापासून, खणाचा इतक्यापासून’ असं पोस्टवरच लिहा, व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसच्या कॅटलॉगमध्येही टाका, तो फुकट आहे. कमेंट कमी होतील. होऊ देत. ज्या येतील त्या तारीख विचारतील. आणि रीलमध्ये तयार वस्तूपेक्षा हात दाखवा : खडूची पहिली रेघ, खणाच्या काठाची शिवण. चौदा तास कुठे जातात ते दिसलं की किंमत कमी पटवावी लागते.

त्या प्रसिद्ध मुलीला नम्रपणे नाही म्हणा. तिला बघणाऱ्यांतली किती जणी सांगली-कोल्हापूरकडच्या आणि किती जणींचं लग्न ठरलंय, हे तीही सांगू शकणार नाही. शिवाय फुकट मिळालेलं काम बघून येणारी फुकटच मागते. फोटोच हवे असतील तर फोटोग्राफर, मेकअपवाली आणि फुलांचे दागिने करणारी यांना गोळा करा, हंगाम नसताना एक दिवस ठरवा, ज्याचं त्याने साहित्य आणायचं, फोटो सगळ्यांचे. जाहिरात करायचीच तर दिवाळीनंतर, तुळशीच्या लग्नाच्या आसपास, आजूबाजूच्या तीन-चार जिल्ह्यांपुरती, आणि एका अंतरपाटाच्या नफ्याएवढ्या पैशांतच.

खोक्याचं राहिलं. लग्न झाल्यावर अंतरपाट खोक्यात जातो आणि खोकं कपाटात. दोन वर्षांनी चुलत बहिणीचं ठरतं तेव्हा तेच खोकं बाहेर निघतं. तुमचं नाव आणि नंबर झाकणाच्या आतून चिकटवा. व्हिजिटिंग कार्ड आठवड्यात हरवतं.

प्रश्न : उद्यम नोंदणीसाठी एक एजंट तीन हजार मागतोय. करावी का? जीएसटीही लागेल म्हणतो.
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : नोंदणी जरूर करा, एजंटला देऊ नका. उद्यम नोंदणी २०२०पासून सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवर होते आणि तिला शुल्क नाही. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत आणि सेवा देणाऱ्याला २० लाखांपर्यंत जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. माल राज्याबाहेर पाठवत असाल किंवा एखाद्या ऑनलाइन बाजारातून विकत असाल तर नियम बदलतात. तेवढ्यापुरतं सीएला विचारा, एजंटला नको.

प्रश्न : दोघांची नावं घालून रुखवताचं सगळं काम पूर्ण झालं आणि लग्नच मोडलं. आता मुलीकडचे आगाऊ दिलेले पैसे परत मागताहेत. माणसं दुःखात आहेत, काय बोलू?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : झालेल्या कामाचे पैसे तुमचे आहेत, पण या वेळी भांडू नका. साहित्याचा खर्च कापून उरलेले परत करा. त्या घरात पुढे कधीतरी पुन्हा लग्न निघेल, तेव्हा हे लक्षात राहील. यापुढे मात्र ऑर्डर घेतानाच लिहून द्या : निम्मी रक्कम आगाऊ, डिझाइन पसंत केल्यावर ती परत नाही, तारीख पुढे गेली तर त्याच रकमेत काम. आणि नावं कधीही मूळ कापडावर घालू नका. वेगळ्या पट्टीवर रंगवा आणि ती पट्टी शेवटच्या आठवड्यात टाचा. लग्न मोडलं तर पट्टी उसवली की बाकीचं काम दुसऱ्या घरी जाऊ शकतं. स्पेलिंग चुकलं तरी तीच पट्टी वाचवते, आणि लग्न मोडण्यापेक्षा स्पेलिंग चुकण्याचे प्रसंग कितीतरी जास्त येतात. नावं नवरीकडून लिहून मागवा, मामांकडून फोनवर ऐकून नको. मामांना भाचीचं घरातलं नाव माहीत असतं, पत्रिकेतलं नसतं.